टॉन्सिलचं ऑपरेशन आणि घरी न्यायचा कागद

मुलाचे टॉन्सिल काढायचे ठरले की आपल्याकडे घरच्यांच्या हाती साधारण दोनच कागद पडतात. एक ऑपरेशनआधी सहीसाठी पुढे केलेलं संमतिपत्र आणि दुसरं घरी सोडताना दिलेलं डिस्चार्ज कार्ड. पहिलं बहुतेक वेळा इंग्रजीत किंवा गुजरातीत असतं आणि सही कुठे करायची तेवढं बोट ठेवून दाखवलं जातं. दुसऱ्यावर औषधांची नावं, त्यांच्यापुढे १-०-१ आणि परत दाखवायला येण्याची तारीख. घरी गेल्यावर पाचव्या रात्री पोर कानाला हात लावून रडू लागलं तर काय समजायचं, हे दोन्ही कागदांत शोधून सापडत नाही. वडोदऱ्यातल्या सरकारी आणि खाजगी, सगळ्याच रुग्णालयांनी एक तिसरा कागद तयार करावा, तो घरच्यांना कळेल अशा भाषेत असावा आणि तो उपचाराचाच भाग मानला जावा, असं मला आग्रहाने म्हणायचं आहे.

टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडेनॉइड काढणं हे मुलांमध्ये नेहमी होणाऱ्या ऑपरेशनांपैकी एक. पूर्ण भूल देऊन ते तोंडातूनच करतात. बाहेर कुठे काप नाही, बहुधा टाकाही नाही. अर्धा-पाऊण तासाचं काम, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मूल घरी. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांची मुख्य कामगिरी तिथे संपते. घशातली जखम भरायला मात्र दहा ते चौदा दिवस लागतात आणि ते सगळे आई, बाबा, आजी, सुट्टी काढून आलेली मावशी यांच्या वाट्याला येतात. वॉर्डात नव्या नर्सला काही न शिकवता कुणी रात्रपाळीला उभं करणार नाही. घरच्यांना मात्र आपण तसंच पाठवतो.

हे दिवस रोज थोडं बरं, रोज थोडं बरं असे जात नाहीत, आणि घोटाळा तिथेच होतो. पहिल्या दिवशी ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या औषधांचा अंमल असतो, मूल त्या मानाने शांत दिसतं. घरच्यांना वाटतं, सुटलो. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढतं. टॉन्सिल होते त्या जागी पांढरट-पिवळा थर धरतो, तोंडाला घाण वास येतो, आवाज नाकातून आल्यासारखा होतो. कान दुखतो, कारण घशाची आणि कानाची संवेदना नेणारी एक नस सामाईक आहे. कानात बिघाड काही नसतो. पांढरा थर म्हणजे पू नव्हे, ती घशातली ओली खपली. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास ती सुटू लागते आणि तेव्हा दुखणं पुन्हा उसळू शकतं. एवढं माहीत असलेली आजी तो थर पाहून घाबरत नाही. माहीत नसेल तर घाबरणारच, आणि तिने घाबरू नये अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आमच्या दांडिया बाजारात शेजारच्या घरी नेमकं हेच घडलं. ऑपरेशन एका खाजगी रुग्णालयात उत्तम झालं होतं. चौथ्या दिवशी आजींनी बॅटरी लावून नातवाचा घसा पाहिला, पांढरं दिसलं, पिकलं असं वाटून त्या त्याला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे अँटिबायोटिक मिळालं. दुखण्याचं औषध मात्र "आधीच किती औषधं देणार" म्हणून घरच्यांनी बंद केलं. दुखतं म्हणून मूल पाणी पिईना, पाणी नाही म्हणून घसा कोरडा, कोरडा म्हणून आणखी दुखणं. शेवटी सलाईन लावायला परत रुग्णालयात जावं लागलं. तिथे त्यांना सांगितलं गेलं की असं नेहमीच होतं. आजींचा प्रश्न साधा होता: नेहमीच होतं तर आधी का नाही सांगितलं? मला आजवर या प्रश्नाचं पटेल असं उत्तर मिळालेलं नाही. रोज ऑपरेशन करणाऱ्याला जे सवयीचं झालेलं असतं ते त्या घरात पहिल्यांदाच घडत असतं, हे अंतर कुणीतरी भरून काढायला हवं, आणि ते भरणं जाणत्याच्याच हातात असतं.

आता रक्तस्रावाबद्दल, कारण पत्रक काढायला विरोध होतो तो मुख्यतः यावरून. "रक्ताचं लिहिलं तर लोक ऑपरेशनच करून घेणार नाहीत," असं डॉक्टर म्हणतात. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली मुलांच्या टॉन्सिल ऑपरेशनाविषयीच्या आपल्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या. ऑपरेशननंतरचे पहिले चोवीस तास उलटून गेल्यावर होणाऱ्या रक्तस्रावाचं प्रमाण त्यांत ०.१ ते ३ टक्के असं दिलेलं आहे. म्हणजे शंभर मुलांतल्या सत्त्याण्णव किंवा त्याहून अधिक जणांना हा त्रास होत नाही. ही गोष्ट सांगण्यासारखीच आहे, लपवण्यासारखी तिच्यात काय आहे? पण उरलेल्या थोड्या मुलांच्या घरी तो बहुधा खपली सुटण्याच्या दिवसांत, पुष्कळदा रात्री होतो, आणि तेव्हा घरच्यांना काय करायचं ते पाठ हवं. झोपेत मूल पुन्हा पुन्हा काहीतरी गिळतंय, थुंकीत ताजं लाल रक्त आहे, उलटीत काळपट किंवा लाल रक्त आहे, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. मुलाला बसतं करायचं किंवा कुशीवर वळवायचं, रक्त गिळू द्यायचं नाही, थुंकायला सांगायचं, आणि जिथे घशाचा सर्जन व ऑपरेशन थिएटर आहे तिथेच न्यायचं. जवळचा दवाखाना गाठण्यात अर्धा तास घालवायचा नाही. गाडी नसेल तर १०८. या पाच-सहा वाक्यांनी कुणी ऑपरेशनला नकार दिलाच, तर नकार द्यायची ती संधी त्याला आधीच मिळायला हवी होती, एवढाच त्याचा अर्थ. भीती दडपून मिळवलेली सही मला तरी संमती वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००८ सालच्या एका गाजलेल्या निकालात हेच धरलं आहे की उपचाराचं स्वरूप, फायदा, धोका आणि दुसरे पर्याय पुरेसे सांगितल्यावर दिलेली संमतीच खरी.

दुसरे पर्याय हा मुद्दा आपल्याकडे सगळ्यात दुबळा आहे. पत्रक ऑपरेशनची तारीख ठरल्यावर दिलं तर ते केवळ सूचनांचं होतं. ते त्याआधी, पहिल्यांदा "टॉन्सिल काढावे लागतील" हे शब्द उच्चारले जातात तेव्हाच हाती यायला हवं. घसा वारंवार येणाऱ्या मुलांसाठी जगभर वापरली जाणारी मोजपट्टी अशी आहे: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा, आणि तेही ताप, गळ्यातल्या गाठी वगैरे खुणा नोंदलेल्या असतील तर. यापेक्षा कमी वेळा त्रास होत असेल तर थांबून पाहणं हाही उपचार आहे. पुष्कळ मुलांचा हा त्रास वाढत्या वयात आपोआप कमी होतो. नुसते टॉन्सिल मोठे दिसतात हे ऑपरेशनचं कारण होत नाही. उलट मूल रात्री जोराने घोरत असेल, झोपेत श्वास मधेच थांबत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, अंथरूण ओलं करत असेल, दिवसा चिडचिडं आणि वर्गात लक्ष न लागणारं असेल, तर घसा एकदाही न आलेल्या मुलालाही ऑपरेशनची गरज असू शकते. पण घोरणं म्हणजे गाढ झोप असं मानणारी घरं आपल्यात अजून भरपूर आहेत. वर्षातून दोनदा घसा येणाऱ्या मुलाचे टॉन्सिल काढले जातात आणि रात्रभर श्वासासाठी झगडणारं मूल "आळशी" ठरून मागच्या बाकावर बसतं, असं उलटंपालटं चित्र मी शाळेत शिकवताना पाहिलेलं आहे. चांगलं पत्रक काही मुलांना ऑपरेशनपासून वाचवेल आणि काहींना वेळेवर तिथे पोहोचवेल.

उपाशीपोटी राहण्याची सूचनाही अशीच अर्धवट दिली जाते. "रात्री बारानंतर काही द्यायचं नाही" एवढं सांगितलं जातं. मग यादीत नंबर दुपारी लागला की चार वर्षांचं मूल घोटभर पाण्यावाचून ताटकळतं, आणि कळवळून कुणीतरी त्याला दूध नाहीतर चहा-बिस्कीट देतं, कारण चहा तर पातळच असतो. भुलेच्या हिशेबात दुधाचा चहा, दूध, ताक हे सगळं अन्नात मोडतं. घन अन्न आणि हे पदार्थ सहा तास आधी बंद. साधं पाणी मात्र साधारणपणे दोन तास आधीपर्यंत चालतं, आपल्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं नसेल तर. यामागचं कारणही लिहायला हवं: भुलेत घशाचा पहारा सुटतो, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. कारण कळलं की आजी स्वतःच बिस्किटाचा पुडा लपवते. त्याच पानावर हेही हवं की हलणारा दुधाचा दात, नुकतीच झालेली सर्दी किंवा ताप, दमा, आणि घरात कुणाचं रक्त लवकर न थांबण्याची खोड असेल तर ते विचारायची वाट न पाहता सांगावं.

औषधाच्या मात्रेवर मी सगळ्यात जास्त जागा देईन. मुलांचं पॅरासिटामॉल सिरप आपल्याकडे एकाच ताकदीचं मिळत नाही. एका बाटलीत ५ मिलीला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसरीत ५ मिलीला २५०, आणि तान्ह्या बाळांचे थेंब तर आणखी तीव्र. मात्रा ठरते मुलाच्या वजनावर. घरी मोजमाप म्हणून वापरला जातो स्वयंपाकघरातला चमचा, आणि दोन घरांतले चमचे सारखे नसतात. शिवाय काही सिरपांत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्रच असतं. तेही दिलं आणि पॅरासिटामॉल वेगळंही दिलं तर मात्रा दुप्पट होते, आणि जास्तीचं पॅरासिटामॉल यकृताला इजा करतं. म्हणून पत्रकावर औषधाचं नाव, बाटलीची ताकद, मिली आणि वेळ हे त्या मुलासाठी हाताने भरून द्यावं, आणि आठ-दहा रुपयांची मापाची सिरिंज सोबत देऊन तिच्यावर रेघ मारून दाखवावी. पहिले काही दिवस दुखण्याचं औषध रडण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी द्यायचं, झोपलेलं असेल तर उठवूनही, हे स्पष्ट लिहावं. ॲस्पिरिन नाही. घरात पडून असलेलं कोडीनचं खोकल्याचं औषध तर मुळीच नाही. काही मुलांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फीन फार वेगाने होतं आणि श्वास मंदावतो. या ऑपरेशननंतर मुलं दगावल्याची उदाहरणं पुढे आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ते वर्ज्यच ठरवलं.

खाण्याबद्दल बाहेरच्या देशातलं पत्रक उतरवून काही उपयोग नाही. त्यात जेली आणि पॉप्सिकल असतात. आपल्याला लिहायचंय ते मऊ वरणभात, पातळ खिचडी, शिरा, कोमट दूध, सरबत यांबद्दल, आणि खाखरा, लीलो चेवडो, तिखट सेव-उसळ काही दिवस का नको याबद्दल. आणि आइस्क्रीमबद्दल तर सविस्तर. थंड खाल्लं की घसा धरतो हे आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांनी मुलांना सांगितलेलं आहे, तेव्हा डॉक्टरांनी आइस्क्रीम सुचवलं की घरात दोन तट पडतात. आजींचा अनुभव खोटा पाडायची गरज नाही. या जखमेला गारव्याने बरं वाटतं आणि आइस्क्रीमपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे दर थोड्या वेळाने घोट घोट पाणी जाणं, एवढं सांगितलं तरी तंटा मिटतो.

मुलासाठीही एक पान हवंच. "फोटो काढायला जायचंय" असं सांगून थिएटरपर्यंत नेलेलं मूल पुढे किती तरी दिवस कुठल्याच डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही. मास्क लागणार, झोप येणार, उठल्यावर घसा दुखणार, आई किंवा बाबा शेजारी असणार, हे चार-पाच चित्रांत त्याला आधी दाखवता येतं. आणि आई-बाबांना हेही सांगावं की भुलेतून उठताना काही मुलं ओरडतात, हातपाय झाडतात, ओळखसुद्धा देत नाहीत, आणि थोड्या वेळात ते ओसरतं.

आता भाषेचा प्रश्न. वडोदऱ्यात हे पत्रक आधी गुजरातीत निघायला हवं यात वाद नाही. पण इथल्या मराठी घरांत कागद कुणाच्या हाती जातो ते पाहा. मुलाचे बाबा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेले, मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात. आई लग्न होऊन जळगावकडून नाहीतर धुळ्याकडून आलेली, गुजराती बोलायला शिकली, वाचायला अजून वेळ लागतो. आजी मराठी वर्तमानपत्र रोज वाचणारी, आणि मुलापाशी दिवसभर तीच. एकाच भाषेतला कागद या घरात कुणाला ना कुणाला बाहेर ठेवतो. माझा आग्रह मराठीच्या मानापुरता नाही. सर सयाजीराव रुग्णालयाच्या ओपीडीत छोटा उदेपूर, पंचमहाल, दाहोदकडची कुटुंबं येतात. राठवी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या आईला छापील गुजरातीही तितकीशी जवळची नसते. तिच्यासाठी चित्रं आणि तिच्या बोलीतला दोन-तीन मिनिटांचा आवाज फोनवर पाठवला तर तो मराठी पत्रकाइतकाच गरजेचा आहे.

हे या शहराला नवं वाटू नये. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डेन नावाचे ग्रंथपाल बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणलं, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना संस्थानाच्या ग्रंथालय खात्याने सोडून दिलं नाही. मॅजिक लँटर्नच्या, म्हणजे चित्रं पडद्यावर पाडणाऱ्या दिव्याच्या, काचचित्रांतून ज्ञान पोहोचवणारी वेगळी शाखाच होती. ज्या राज्याने माणसाला न कळणारी माहिती ही दिलेलीच नाही असं मानलं, त्याच्या राजधानीत आज सही घेतलेला पण न वाचलेला कागद फाइलला लावून आपण समाधान मानतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पत्रक कुणी लिहायचं? एकट्या डॉक्टरांनी नव्हे आणि एकट्या भाषांतरकारानेही नव्हे. पहिला मसुदा सर्जन, भूलतज्ज्ञ आणि वॉर्डातल्या सिस्टर यांनी करावा. सिस्टरना घरचे काय विचारतात हे सगळ्यात जास्त ठाऊक असतं. मग तो गेल्या काही महिन्यांत हे सगळं भोगलेल्या आयांपुढे ठेवावा आणि "तुम्हाला कुठल्या दिवशी काय माहीत असायला हवं होतं?" एवढंच विचारावं. नंतर अजून ऑपरेशन व्हायचं आहे अशा घरांत तो द्यावा आणि वाचून झाल्यावर त्यांनाच सांगायला लावावं: रात्री दोनला थुंकीत रक्त दिसलं तर काय कराल? सिरिंजमध्ये औषध भरून दाखवा. त्यांना जमलं नाही तर चूक कागदाची धरायची आणि कागद बदलायचा. अमेरिकेच्या आरोग्य खात्यातल्या एका संस्थेने २०१३ मध्ये अशा साहित्यासाठी मोजपट्टी तयार केली, तिच्यात दोनच कसोट्या आहेत: वाचणाऱ्याला समजतं का, आणि समजल्यावर नेमकं काय करायचं ते कळतं का. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्यपत्रकांत "योग्य काळजी घ्यावी", "त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा" अशी वाक्यं असतात. ती दुसऱ्या कसोटीवर टिकत नाहीत.

ओपीडीच्या गर्दीत वेळ नाही, ही अडचण खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. पण तोंडी दोन मिनिटांत जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं काळजीने भरलेल्या डोक्यात राहतच नाही, तेव्हा ती दोन मिनिटंही वाया जातात. कागद वेळ वाचवतो. आणि "आजकाल सगळं यूट्यूबवर मिळतं" या उत्तराने तर मला राग येतो. तिथे घशातले टॉन्सिल मुळ्यांच्या रसाने विरघळवणारेही मिळतात, आणि खरं-खोटं निवडण्याचं काम आपण रात्री दोन वाजता एका भेदरलेल्या आईवर टाकतो.

माणसं या शहरात आहेत. बडोदा मेडिकल कॉलेज आहे, विद्यापीठात चित्रं काढणारी ललित कला शाखा आहे, समाजकार्य शिकणारे विद्यार्थी आहेत, मराठी आणि गुजराती दोन्हींत सफाईने लिहिणारे शेकडो जण आहेत, आणि हे सगळे एकमेकांपासून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर राहतात. कान-नाक-घसा विभागाने एका ऑपरेशनपुरता, टॉन्सिलपुरता, आरंभ करावा. पत्रकावर तयार केल्याची तारीख असावी, दर वर्षा-दोन वर्षांनी ते तपासलं जावं. खाली मोठ्या अक्षरांत एक फोन नंबर असावा, आणि मध्यरात्रीनंतर तो उचलायला कोण असेल याचं नाव ड्यूटीच्या तक्त्यावर चढल्याशिवाय पत्रक छापखान्यात जाऊ नये.